दोन दिवसांचे पाहुणे आणि गावची कुत्री

ऑनसाइटवरून किंवा सुट्टीवरून परतलेल्या मित्रमंडळींचे फोटो बघायला बसलं की आजकाल एक फोटो हमखास निघतो. इस्तंबूलच्या मशिदीच्या पायरीवर मांजराला कुरवाळताना, नाहीतर बालीच्या किनाऱ्यावर कुत्र्याला चिकन भरवताना. आमच्या टीममधला एक जण तर बॅगेत कपड्यांच्या आधी कुत्र्यांचं खाणं भरतो. पोरगा मनाने सोन्यासारखा आहे, कोडही बरा लिहितो. त्यामुळे पुढचं सगळं त्याच्यावर नाही, त्याच्या बॅगेवर आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. प्रवासात रस्त्यावरच्या जनावरांना मदत करायची असेल तर ती स्वतःच्या हाताने करू नका. जो तिथे उद्या आणि परवाही असणार आहे, त्याच्या हातून करा. असा कोणी सापडत नसेल तर बहुतेक वेळा काहीच न करणं बरं. निष्ठुर वाटतं ना? मलाही वाटलं. पण हे मत परदेशात नाही, आपल्याच राज्यात, कचारगडला पक्कं झालं.

आता कचारगड कुठे, असं पुण्यात दहा जणांना विचारलं तर नऊ जण 'कोणता किल्ला हा? ट्रेक केवढ्याचा?' असं उलट विचारतील. किल्ला नाही हो. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, पार छत्तीसगडच्या सीमेला टेकलेल्या डोंगरातल्या नैसर्गिक गुहा आहेत. पायथ्याचं गाव धनेगाव. हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं दरेकसा स्टेशन जवळ. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला जायचं तर वीसेक तास लागतात. तेवढ्या वेळात माणूस सिंगापूरला जाऊन, जेवून परत येईल. तिथे मराठी, हिंदी, गोंडी, छत्तीसगढी सगळं कानावर पडतं. पुण्यातल्या आयटीवाल्याला हे परदेशापेक्षा कमी परदेश नाही, आणि म्हणूनच 'बाहेरचा माणूस' म्हणजे काय हे तिथे नीट कळतं.

गोंड समाजासाठी ही जागा म्हणजे मूळस्थान. कली कंकालीची मुलं इथल्या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो यांनी जंगो रायताडच्या साथीने त्यांना बाहेर काढलं, ही श्रद्धा. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, कुठून कुठून माणसं येतात. पिवळे फेटे, सप्तरंगी झेंडे, ढोल, आणि ज्याला त्याला 'सेवा जोहार'. नागपूरचे गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (ते २०१५ साली गेले) आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी १९८०च्या दशकात ही यात्रा नव्याने उभी केली, आणि आता तिथे काही दिवसांत लाखांनी माणूस येऊन जातो.

आणि जिथे माणूस येतो, तिथे पत्रावळी येतात. पत्रावळींमागे कुत्री.

यात्रेतली कुत्री मी दोन दिवस बघत होतो. (गुहेत जायची रांग लांब होती, दुसरं करणार काय!) त्यातली बरीचशी गावची वाटत होती. म्हणजे शहरी अर्थाने भटकी नाहीत आणि पट्टा बांधून पाळलेलीही नाहीत. एका घरी भाकर खायची, दुसऱ्याच्या ओसरीवर झोपायचं, तिसऱ्याच्या शेताची राखण करायची. शिवाय पिल्लं. माघ महिना म्हणजे पिल्लांचा मोसमच. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांची बरीचशी वीण हिवाळ्यात होते. त्यामुळे यात्रेच्या वेळी पिल्लं नेमकी त्या वयात असतात, जेव्हा आईचं दूध सुटायला लागलेलं असतं, पाय नीट पडत नसतात, आणि बघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून 'ऑऽऽ' निघतं.

आमच्याबरोबर नागपूरहून आलेला एक तरुण घोळका होता. आपल्यासारखाच. त्यांनी क्रीमच्या बिस्किटांचे पुडे फोडले. एका दुकानाच्या मागे चार पिल्लं होती, ती लडबडत पुढे आली. फोटो निघाले. दुकानवाल्या मावशी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "देऊ नका जी भाऊ. तुमी तं चालले जाता, मंग ते आमच्याच मांगं लागते." घोळक्यातल्या एका मुलीला ते फार लागलं. 'किती दुष्ट असतात ना लोक,' असं ती दबक्या आवाजात म्हणाली. पण मी दुपारी परत तिथून गेलो तेव्हा त्याच मावशी करवंटीत भाताची पेज घालून त्या पिल्लांच्या आईला देत होत्या. पिल्लांना नाही, आईला. हे शहाणपण आम्हा शिकलेल्यांना सुचलं नव्हतं. आई जगली तर पिल्लं जगतील, एवढा साधा हिशोब.

पिल्लांचं पुढे काय होतं याचा एक अभ्यास कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला होता. पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या ९५ विणी, ३६४ पिल्लं. त्यातली जेमतेम १९ टक्के सात महिन्यांची झाली. बाकीची गेली, आणि त्या मरणांमध्ये मोठा वाटा माणसाचा होता. गाड्या, मारहाण, विष, उचलून नेणं. म्हणजे चार पिल्लांच्या फोटोतलं सरासरी एकही धड जगत नाही. क्रीमच्या बिस्किटाने या आकड्यात काडीचा फरक पडत नाही. उलट पिल्लू शिकतं की पाय दिसले की पुढे जायचं, गाडी थांबली की धावायचं. पौर्णिमा संपते, मंडप उतरतात, थांबणाऱ्या गाड्या थांबायच्या बंद होतात. शिकलेलं तेवढं राहतं.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हे शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनमध्ये बदल ढकलून शनिवारी गोव्याच्या विमानात बसण्यासारखं आहे. फोन लागत नाही. रात्री दोन वाजता उठणारा सपोर्टवाला वेगळाच. धनेगावात तो सपोर्टवाला म्हणजे त्या मावशी.

आता इथे कोणीतरी एकनाथांना आणतंच. रामेश्वरासाठी कावडीतून नेत असलेलं गंगेचं पाणी नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलोय. नाथही प्रवासातच होते की! आणि नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मग आपण बिस्किट दिलं तर काय बिघडलं? माझं उत्तर असं, की गाढव मरायला टेकलं होतं. ती आणीबाणी होती. तहानेने मरणाऱ्याला पाणी पाजायला कुठल्या संस्थेची परवानगी लागत नाही, तुम्हीही पाजा. नामदेवांचं म्हणाल, तर तूप घेऊन धावायला माझी हरकत नाही, फक्त उद्याही धावायची तयारी ठेवा. संत त्या वाटेवर रोजचे होते. आपण नाही.

जंगलाच्या कडेला असण्याचा एक वेगळाच भाग आहे, जो शहरातल्या प्राणिप्रेमाच्या गप्पांमध्ये येतच नाही. गोंदिया-भंडारा जिल्ह्यांतच नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, २०१३ साली घोषित झालेला. नागझिऱ्याच्या जंगलात रानकुत्री आहेत. रानकुत्रा म्हणजे आपल्या मोत्याचा दूरचा चुलतभाऊ, आणि मोत्याला होणारे रोग त्यालाही होतात. रेबीज आहे, आणि डिस्टेंपर नावाचा विषाणू आहे, जो कुत्र्यांमध्ये सर्रास फिरतो. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये तीन आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यातल्या काहींमध्ये हाच डिस्टेंपर सापडला. तो नेमका कुठून आला यावर वाद घालता येईल, पण जंगलाला लागून असलेल्या गावातली लस न टोचलेली कुत्री ही अशा रोगांची नेहमीची वाट आहे. शिवाय बिबट्या. गावात कुत्री वाढली की बिबट्या गावाच्या जवळ येतो, कारण त्याला ते सोपं जेवण. मग कुत्रंही जातं, आणि एखादे दिवशी अंगणातलं पोर. आपण पुण्यात बसून 'बिबट्याने हल्ला केला' अशी बातमी वाचतो. त्या साखळीच्या एका टोकाला खरकटं असू शकतं, हे बातमीत नसतं.

गोंडांच्या विचारात या सगळ्याची फार वेगळी मांडणी आहे, आणि मला ती इंजिनियर म्हणून भयंकर आवडली. गोंडी पुनेमची मंडळी सांगतात की साडेसातशे कुळं आहेत, आणि प्रत्येक कुळाकडे एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड सांभाळायला दिलेलं आहे. म्हणजे २२५० जिवांची वाटणी. ज्या कुळाचा जो जीव, त्याने तो मारायचा नाही, खायचा नाही, तोडायचा नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात गोंडांची अशी कुळनावं दिली आहेत. मरकाम म्हणजे आंबा, टेकाम म्हणजे साग, इरपाची म्हणजे मोह. आणि नेताम म्हणजे कुत्रा! आपल्याकडे कुत्रा ही शिवी आहे. तिथे ते आडनाव आहे, आणि लोक ते अभिमानाने लावतात.

या वाटणीत मला दिसतं ते असं. 'सगळ्यांनी सगळ्यांवर प्रेम करा' असं कुणी म्हणत नाही. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, हे ज्याने एकदा तरी शंभर माणसांच्या प्रोजेक्टवर काम केलंय त्याला वेगळं सांगायला नको. इथे प्रत्येक मॉड्यूलला मालक आहे. आणि मालक कुठून तरी उडून आलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच आहे. (आता हे सगळं आज घरोघर पाळलं जातं का, हा प्रश्न वेगळा. आपण तरी सत्यनारायण कुठे समजून घालतो.)

बाहेरून आलेल्या माणसाने कुत्र्यांचं काय करायचं ते ठरवायचं, आणि राहणाऱ्यांनी ते भोगायचं, हा खेळ तसा जुना आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला. मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस. मग काय, बक्षिसासाठी माणसं घरांच्या आवारातही शिरायला लागली. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान. ६ जूनला दंगा उसळला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद, गोऱ्या साहेबांना पाव-मटण मिळेना. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ उभा केला तो याच पार्श्वभूमीवर. परळचं बैलघोडा हॉस्पिटलही १८८३ पासूनचं, पेटिट घराण्याच्या देणगीचं. मुद्दा असा की टिकलेल्या गोष्टी गावातच राहणाऱ्या लोकांनी, जागा आणि रोजचा खर्च बांधून देऊन केलेल्या आहेत. ज्यांनी कुत्री मारली त्यांनी नाहीत.

बाहेरच्यांना काही जमतच नाही असं मात्र नाही हं. गोव्यात आसगावला भटक्या जनावरांचं जे केंद्र आहे, ते १९९८ साली जॉन आणि जो हिक्स या ब्रिटिश जोडप्याने सुरू केलं. उदयपूरला अॅनिमल एड अनलिमिटेड २००२ साली एका अमेरिकन कुटुंबाने काढली. जयपूरची हेल्प इन सफरिंग १९८० ची, क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंची. थायलंडमधल्या फुकेतची सोई डॉग फाउंडेशनही परदेशी लोकांनीच २००३ मध्ये सुरू केलेली. पण या मंडळींनी केलं काय? मुक्काम टाकला. वर्षानुवर्षं राहिले, स्थानिक माणसं शिकवली, पगार दिले, पंचायतीशी भांडले. पर्यटक म्हणून आले असतील, पर्यटक म्हणून राहिले नाहीत.

गोव्याचंच पुढे सांगतो, कारण यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारबरोबर मिळून तिथे वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लस टोचायला सुरुवात केली. पद्धत कशी? मोठी जाळी घेऊन टीम निघते, कुत्रं पकडायचं, लस, अंगावर रंगाची खूण, फोनवरच्या अॅपमध्ये नोंद, सोडून द्यायचं, पुढच्या गल्लीत. (अॅप ऐकून तुमचे कान टवकारले असतील. माझेही.) एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हा जगभरचा ठोकताळा आहे. २०२१ साली गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक केसेस ९२ टक्क्यांनी घटल्याचं दिलंय. परदेशी स्वयंसेवक त्यातही येतात. पण आधी स्वतः रेबीजची लस घेऊन येतात, ठरलेल्या टीममध्ये काम करतात, आणि टीम सांगेल तेच करतात.

तर रेबीज. यावर दोन मिनिटं गंभीर होऊ या. एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ नक्की मरतो. भारतात वर्षाला किती जातात? वर्षानुवर्षं वीसेक हजाराचा आकडा सांगितला जायचा. अलीकडे लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात आलेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज ५,७२६ आहे. जनावर चावण्याच्या घटना मात्र वर्षाला नव्वद लाखांच्या वर. कमी झाला म्हणून आनंद मानावा असा हा आकडा नाही, कारण हे मरण टाळता येणारं आहे. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नाही, तिखट नाही, चुना नाही. मग त्याच दिवशी लस, पुढचे डोस तारखेनुसार सगळे, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. शेवटची गोष्ट दरेक ठिकाणी मिळेलच असं नाही, ना सालेकशासारख्या तालुक्यात, ना बालीत, जिथे २००८ पासून रेबीज आहे. पिल्लंही रेबीज देऊ शकतात. तो मऊ मऊ फोटो काढताना हे कोणाच्या डोक्यात नसतं. ज्यांना प्रवासात जनावरांना हात लावल्याशिवाय राहवतच नाही, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक लस घ्यावी. बॅगेतल्या खाण्यापेक्षा तिचं वजनही कमी.

परदेशातून कुत्रं 'वाचवून' घरी आणणाऱ्यांचा एक पंथ आहे, त्याबद्दल थोडक्यात. गोव्यातलं कुत्रं ब्रिटनला न्यायचं तर मायक्रोचिप, लस, मग तीस दिवसांनी रक्त तपासणी, आणि त्यानंतर तीन महिने थांबायचं. अमेरिकेनेही ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत. आपल्या एच-वन पेक्षा त्या कुत्र्याची कागदपत्रं जास्त! एका कुत्र्याचं आयुष्य बदलतं, खरंय. विमानाच्या भाड्यात त्याच गल्लीतल्या किती माद्यांची नसबंदी झाली असती, हे मात्र एकदा कागदावर मांडून बघा. मग न्यायचं तर न्या.

देशोदेशी याचं काय चाललंय तेही बघण्यासारखं आहे. भूतानने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं की देशातल्या सगळ्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी झाली. दीड लाखाहून जास्त कुत्री, चौदा वर्षांचं काम. उलट तुर्कस्तानने, तेच मांजरा-कुत्र्यांच्या फोटोंचं तुर्कस्तान, जुलै २०२४ मध्ये मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत टाकायचा कायदा केला, आणि त्यावरून तिथे रस्त्यावर आंदोलनं झाली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली कुत्री उचला म्हटलं, २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने ते बदलून नसबंदी-लसीकरण करून जागेवर सोडा, आणि खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच, असं सांगितलं. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथून हटवलेली कुत्री परत तिथे सोडू नका असा आदेश आला. म्हणजे आता स्टेशनवर उतरल्या उतरल्या पिशवी उघडणाऱ्याने कायदाही बघायला हवा. २०२३ च्या नियमांमध्येसुद्धा खाणं घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्यांपासून लांब हवी, हे आहेच.

मग करायचं काय? कचारगडसारख्या ठिकाणी जाणाऱ्याला करण्यासारखं बरंच आहे, फक्त त्यात फोटो येत नाही. घाटात गाडी हळू चालवा, यात्रेच्या दिवसांत कुत्री गाड्यांखाली जातात तेवढी भुकेने जात नसतील. आपली पत्रावळ, आपला पुडा आपल्याबरोबर परत न्या. जनावर जखमी दिसलं तर आधी शेजारच्या घरी विचारा, त्याला बहुतेक कोणीतरी ओळखतं. पशुसंवर्धनाचा १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, तो मुख्यतः शेतकऱ्यांच्या गुराढोरांसाठी चालवलेल्या फिरत्या दवाखान्यांचा, पण तालुक्यातला डॉक्टर कुठे भेटेल एवढं तरी कळण्याची शक्यता असते. आणि पैसे द्यायचे तर तिथल्या माणसाला द्या. मावशींच्या चहाला दहा रुपये जास्त ठेवा, पेज त्या घालतातच.

माझ्या डोक्यात मात्र याहून मोठं एक खूळ आहे. हापिसात दरवर्षी सीएसआरच्या नावाखाली आम्हाला टेकडीवर झाडं लावायला नेतात. गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात, बरं का. त्याऐवजी यात्रेच्या महिनाभर आधी धनेगाव आणि आजूबाजूच्या चार गावांतल्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्यायची, आणि हे दरवर्षी, न चुकता. लाखो माणसं जिथे जमणार तिथे पाण्याचे टँकर आणि आरोग्य पथक येतंच ना, तसंच हे. ग्रामपंचायत, यात्रेची समिती आणि तालुक्याचा दवाखाना यांनी ठरवायचं, आपण फक्त बिल भरायचं आणि नोंदीचं एक साधं सॉफ्टवेअर करून द्यायचं. टी-शर्ट छापायचे नाहीत.

हे मी विदर्भातल्याच एका पशुवैद्यक मित्राला फोनवर सांगितलं. मला वाटलं, तो पैशाचं विचारेल. तो म्हणाला, "लशी मिळतील, बर्फाचा डबाही मिळेल. पकडणार कोण?" सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर, एक सहायक, आणि गायी-म्हशींची रांग. जाळी टाकून कुत्रं पकडणारी गोव्यासारखी शिकलेली टीम इकडे आणायची कुठून? मी गप्प झालो. मग तोच म्हणाला, "गावातली कुत्री आहेत ना? मग जाळी कशाला. आदल्या दिवशी दवंडी द्यायची. पोरंच दोरी बांधून घेऊन येतात, प्रत्येकाला ठाऊक असतं कोणतं कोणाच्या अंगणातलं. फक्त सकाळी सातच्या आत जायचं, लोक कामाला निघायच्या आधी. तुमच्या हापिसातली पोरं उठतील का सातला?"

तेवढं एक विचारायचं राहिलंय. सोमवारी विचारतो.